उन्हात वाजलेली थंडी

"हीट स्ट्रोक," नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "म्हणजे उष्माघात. शरीराला स्वतःला गार ठेवता येईनासं होतं."

माझं म्हणणं, थर्मामीटरचा पारा आणखी बोटभर चढता, तर छप्पर फोडून, तिथल्या चिमण्या घेऊन बाहेर पडता. बायको म्हणते, तुम्ही तेव्हा बेशुद्ध होतात. असेन. पण सांगणारा मी आहे.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मिरची वाळवायच्या उघड्या मैदानाला आम्ही पथारी म्हणतो. आमची पथारी अशी, की वरून उडणारी घारसुद्धा ठसकत जायची. हंगामाचा शेवटचा माल उलथत होतो. सकाळपासून डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. दुपारी घाम थांबला. मी फुशारकी मारली, "आते ऊन माले घाबरस."

मग थंडी वाजू लागली.

आवाज गेले. बायांची तोंडं हलत होती, ऐकू काही येईना. लाल मैदानाच्या मधोमध माझा बाप बसला होता. कधीचा वारलेला. अंगावर नुकतं धुतलेलं धोतर.

"ये, आठे बस. गार शे."

आणि खरंच, तिकडून गार वारा येत होता.

पुढचं मला सोबत्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी मला हात लावून पाहिला. पण मिरची उलथणाऱ्याच्या तळव्यांची दिवसभर आगच होते. पेटलंय ते माझं अंग की आपला हात, कुणाला कळेना. मी कुडकुडतोय म्हणून त्यांनी वर गोणपाटं घातली. मी बापाशी बोलतोय हे ऐकून साडू देवचंद म्हणाला, "बाप बलावी ऱ्हायना याले. भगतले आना." भगत म्हणजे आमच्याकडचा मांत्रिक.

तेवढ्यात बायको भाकरी घेऊन आली. तिच्या हाताला मिरची नव्हती. कपाळाला हात लावला नि झटकन मागे घेतला.

"भगत मंग आना. पहिले यास्ले सावलीमा ल्या."

गोणपाटं तिनेच भिरकावली. अख्खा माठ माझ्या अंगावर रिकामा केला. दवाखान्यापर्यंत बैलगाडीत फडकं भिजवत, पदराने वारा घालत आली.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला यांनी वाचवलं. उन्हात माणूस बरळू लागला, तर घाम असो नसो, पांघरूण घालू नका. सावलीत न्या, अंग भिजवा, वारा घाला, लगेच दवाखाना गाठा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका."

हे मी भेटेल त्याला सांगतो. माझ्या बाकीच्या गोष्टींतलं निम्मं सोडून द्या, एवढं धरून ठेवा.

अजूनही वैशाखात, भर दुपारी, एखादी उघडी जागा मला गार दिसते. मी बायकोला सांगतो. ती कपाळाला हात लावते आणि मनगट धरून सावलीत नेते. मी मुकाट जातो.