बर्फाचं रडार आणि पालीचा बोअर

दक्षिण ध्रुवाकडच्या केंद्रावर माझं काम म्हणजे बर्फावरून घसरगाडी ओढायची. गाडीत रडार. त्याची लहर बर्फात शिरते, खालच्या थरावर आपटून परत येते. भुसभुशीत बर्फातून ती झपकन जाते, दाबून घट्ट झालेल्या बर्फातून रेंगाळते, आणि त्या रेंगाळण्यावरून बर्फाची घनता काढायची. मधूनमधून खड्डा खणायचा, डबाभर बर्फ तराजूत टाकायचा आणि रडार खरं बोलतंय का ते बघायचं. हे मी एका सुट्टीत दादाला हौसेनं सांगितलं. दादानं ते गावच्या पाणी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, आणि आमच्या पाली गावभर होईपर्यंत मला जमिनीच्या पोटातलं पाणी दिसायला लागलं होतं.

पुढच्या खेपेला आलो तेव्हा धरण आटलं होतं. दादा आमच्या उपसा सिंचन सोसायटीचा चेअरमन, आणि सोसायटीची मोटर तडकलेल्या गाळात बसलेली. सभासदांनी ठरवलं, सगळ्यांत मिळून एक शेवटचा बोअर घ्यायचा. लागला तर गाव तगेल, नाहीतर ऊसतोडीला जायचं. दादा-वहिनी कधी कोयता घेऊन गेले नव्हते. मुकादम दोनदा येऊन गेला होता, वहिनीनं होकार दिला नव्हता.

तळहातावर नारळ धरून पाणी सांगणारे एक म्हातारे गावात होते. या वेळी त्यांनी नारळाला हातच लावला नाही. म्हणाले, “बर्फाच्या पोटातलं बघून आलाय त्यो. त्याच्यापुढं आमी काय सांगावं?”

मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. रडार तिकडंच आहे. आणलं असतं तरी ते कोरड्या बर्फातच लांबवर बघतं, ओल लागली की लहर मरते. आपल्या काळ्या मातीत तर ती चार हातही खाली जायची नाही. आमचे चुलते हसले. “कावून एवढे आढेवेढे घेतो? घरचंच काम हाय.” मी रागानं उठून चपला घातल्या.

“नुसता चल संगं,” दादा म्हणाला, म्हणून सगळ्यांबरोबर शेतात गेलो. चालताना बाभळीचा काटा चपलेतून आरपार घुसला. खाली बसून काढला, वळलो, तर मागे चुलत्यांनी दगड ठेवून त्याला कुंकूही लावलं होतं.

“अहो, काटा काढत होतो मी!”

“काटा दुसरीकडं कावून न्हाई मोडला?” म्हाताऱ्यांनी अगदी मनापासून विचारलं.

बोअरची गाडी त्याच दगडावर लागली. वहिनी नव्या पाण्याची पूजा करायला टँकरच्या पाण्याचा तांब्या भरून उभी होती. दिवसभर पांढरा भुकटा उडाला. सगळ्यांचे डोळे तो ओला होतो का याकडे. शेवटी गाडीवाल्यानं मूठभर भुकटा घेतला, दाबला, मूठ उघडली. वाऱ्यानं तो उडून गेला. त्यानं मशीन बंद केलं. वहिनी तांब्या तसाच भरलेला, न हिंदकळू देता घरी घेऊन गेली. त्या रात्री तिनं मुकादमाला निरोप धाडला.

मला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं. घनतेचे आकडे दशांशापर्यंत काढणारा मी, माझ्याच माणसांना एक साधं “नाही” पटवू शकलो नव्हतो.

मुकादमाचा ट्रॅक्टर आला. दादा ट्रॉलीत भांडी रचत होता. मध्येच थांबून त्यानं विचारलं, “तिकडं बर्फ किती खोल हाय रं?”

“जागोजागी दोन-दोन किलोमीटर.”

“समदं गोडं पानी?”

“गोडंच.”

त्यानं कोयत्याच्या पात्याला चिंधी गुंडाळली. मग म्हणाला, “हे तुझ्या वहिनीला सांगू नको.”