सासऱ्यांचा भात

माझे सासरे थायलंडचे. पेणच्या आयएसडी बूथवरून आम्ही फोन केला की मला एवढंच विचारत, "जेवलास?" मग लेकीला फोन द्यायला सांगत. त्यांनी मला जावई मानलंय की नाही, ते चार वर्षांत कळलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हाही तेच. "जेवलास?" म्हणत आणि पक्कड घेऊन कुंपणाची तार आवळायला जात.

तिथे सकाळी भिक्खू रांगेने येतात, लोक त्यांच्या पात्रांत भात घालतात. मी पेणचा, आरती लांबली की पानटपरी गाठणारा. तरी गुडघे टेकून भात घातला आणि सवयीने प्रसादासाठी हात पुढे केला. भिक्खू पुढे गेले. शेजारणी खुदखुदल्या.

"अहो, ते देत नाय, घेतात!" पेणला मराठी शिकलेली बायको कुजबुजली.

हात मागे घेणार, तोच सासऱ्यांनी आपल्या टोपलीतला भाताचा गोळा माझ्या तळहातावर ठेवला आणि शेजारणींना काहीतरी सुनावलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आमचा पोरगा हाय. हसू नका."

भात अळणी होता. मी बोटं चाटून खाल्ला.