एकतीस पाईप आणि एक पिलू

गुरुवार, बारा फेब्रुवारी. खर्च एकोणचाळीस हजार दोनशे रुपये. एवढ्या पैशांत विहिरीपासून वरच्या रानापर्यंत चार इंची पाईपलाईन झाली होती. वीस फुटी एकतीस पाईप, म्हणजे सहाशे वीस फूट. पहिलं पाणी बघायला सकाळी आठ वाजता वरच्या तोंडापाशी आम्ही तिघं हजर होतो: मी, लाईन जोडणारा फिटर आणि शेजारच्या रानाचे आप्पा. बायको नारळ घेऊन मागून येणार होती. हजर नव्हतं ते आमचं मांजराचं पिलू. आदल्या संध्याकाळपासून ते सापडत नव्हतं.

पिलू घरात येऊन तेवीस दिवस झाले होते. ज्वारीच्या पोत्यांना उंदीर लागले म्हणून बायकोनं ते माहेराहून, नदीपलीकडच्या दौंड तालुक्यातून, पिशवीत घालून आणलं. आलं त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चारशे ऐंशी ग्रॅम भरलं.

"ह्याच्यापरीस आपलं उंदीर मोठं हायेत," मी म्हणालो.

"वाढंल की. आन् आधीच सांगते, उंदरासाठी आणलंय. लाड न्हाईत करायचे."

तिसऱ्या दिवशी तीच त्याच्यासाठी बिनमिठाचा, बिनतिखटाचा बोंबील वेगळा शिजवायला लागली. ताटावर उलथनं वाजवलं की पिलू असेल तिथून धावत यायचं. तेवीस दिवसांत त्यानं एकही उंदीर धरला नाही, पण वजन सातशे साठपर्यंत नेलं.

भोक दिसलं की आत शिरायचं, हे एकच काम ते मन लावून करी. गमबूट, मिक्सरचं रिकामं खोकं, उशीचा अभ्रा. एकदा कुकरमध्ये बसलेलं सापडलं, तेव्हापासून बायको झाकण लावण्याआधी दोनदा आत बघते. मी पीककर्जासाठी सोसायटीचा फॉर्म भरायला बसलो की गळ्याकडून सदऱ्यात उतरायचं, बाहीतून सरकत मनगटापर्यंत यायचं आणि एकच पंजा बाहेर काढून पेन धरायचं. एका फॉर्मवर माझी सही तीन वेळा झाली आहे आणि तिन्ही वेगळ्या आहेत. सकाळी साडेपाचला ते माझ्या मिशा ओढी. मोबाईलचा गजर मी बंद करून टाकला.

अशा पिलाला पाईपलाईन म्हणजे काय वाटलं असेल, हे मला आधी सुचायला हवं होतं.

बुधवारी दिवसभर जोडणी चालली. मी प्रत्येक पाईपावर मार्करनं नंबर घातला, विहिरीपाशी एक, वरच्या टोकाला एकतीस.

"भाऊ, पाईपांची हजेरी घेताय व्हय?" फिटर म्हणाला.

चार वाजता एकोणिसावा पाईप बसला आणि बायको चहा घेऊन आली. तिच्या मागं पिलू आलं, पाईप चिकटवायच्या सोल्युशनच्या डबीचं झाकण घेऊन मातीत लोळत होतं. चहा झाला, ती भांडी घेऊन घरी गेली, आम्ही पुढचे बारा पाईप जोडले. सहा वाजता बेडूक, साप आत जाऊ नयेत म्हणून वरचं तोंड मी स्वतः बारदानानं घट्ट बांधलं. विहिरीकडचं टोक मोटारीला जोडून झालं होतं. जेवायच्या वेळी बायकोनं ताट वाजवलं. पिलू आलं नाही. तिनं अर्धीच भाकरी खाल्ली.

आता सकाळी, आठ वाजून दहा मिनिटांनी, मी बारदानाची सुतळी सोडली. आतून आवाज आला.

"बेडूक वरडतंय का काय," आप्पा म्हणाले.

आवाज परत आला, बारीक आणि लांबचा. तो बेडकाचा नव्हता.

त्या आठवड्यात आमच्याकडे दिवसाची लाईट होती, साडेआठ ते साडेचार. मोटार ऑटोवर टाकलेली. ऑटोवर म्हणजे लाईट आली की माणूस तिथं असो नसो, मोटार आपोआप चालू. आणि लाईट काही घड्याळ बघून येत नाही. घर विहिरीपाशीच, म्हणून मोटार बंद करायला सांगावं असं ठरवून मी बायकोला फोन लावला. तो स्वयंपाकघराच्या फळीवर वाजत राहिला असणार. मग मी पळालो.

माझं वय एकोणपन्नास. पाईपांसाठी खणलेल्या चारीच्या कडेनं पळताना पाईपांवरचे आकडे उलटे येत होते, तीस, सत्तावीस, बावीस. चौदापाशी एक चप्पल निघाली, ती तिथंच राहिली. मोटारीच्या खोलीत शिरून ऑटो बंद केला, तिन्ही फ्यूज उपसले आणि खिशात घातले. आठ सतरा झाले होते. आठ चोवीसला डोक्यावरचा बल्ब लागला. ठरल्या वेळेच्या सहा मिनिटं आधी.

बाहेर आलो तर बायको नारळ घेऊन वर निघालेली. तिला सांगितलं. तिनं नारळ बांधावर ठेवला, घरात गेली आणि ताट, उलथनं, बोंबील घेऊन आली. वरच्या तोंडाशी बसून तिनं ताट वाजवलं. आतून उत्तर यायचं, पण जवळ येत नव्हतं. सगळ्या पाईपात तो आवाज घुमून पिलाला कुठून बोलावतायत तेच कळत नसावं.

"लाईट आलीया," आप्पा म्हणाले. "दाब बटण. पाण्यासंगं येतंय आपसूक बाहीर."

मी हिशोब केला. आमच्या मोटारीचं पाणी ह्या पाईपातून सेकंदाला साधारण सव्वातीन फूट सरकतं. पिलू चहाच्या वेळी शिरून एकोणिसाव्या पाईपाच्या आसपास असलं, तर तोंडापर्यंत दोनशे चाळीस फूट.

"आप्पा, सव्वा मिनिट पाण्याखाली. तुम्ही धरताल का दम?"

"मंग काय लाईन कापतो? पानी न लागलेली लाईन? नारळ फुटायच्या आत ब्लेड लावलं तर जल्मभर फुटत ऱ्हाती बग."

"लाईन फुटली तर जोडता येती, आप्पा," बायको म्हणाली. "पिलू कोण जोडणार?"

फिटर करवतीचं ब्लेड आणायला त्याच्या गाडीकडे गेला.

चारी अजून बुजवलेली नव्हती. मी आत उतरून एकेका पाईपाला कान लावत गेलो. सव्वीसला काही नाही. बाविसाला बारीक. एकोणिसाला कानाखालीच नखं वाजली. आदल्या दिवशी चहा जिथं झाला, तिथंच. आम्ही पाठ करून चहा पीत असताना ते उघड्या तोंडातून आत गेलं होतं आणि पुढचे बारा पाईप मी मोजून त्याच्या तोंडावर बसवले होते.

फिटरनं एकोणिसालाच ब्लेड टेकवलं. मी त्याचा हात धरला. पिलू बरोबर त्याखाली होतं. मग एकविसावा पाईप मधोमध कापायचं ठरलं. मी एकोणिसावर तळहात ठेवून बसलो. ब्लेड सुरू झालं तशी आत धडपड झाली आणि पिलू विहिरीच्या बाजूला सरकलं, ते मला हाताला कळलं. चार मिनिटांत पाईप कापला गेला. आम्ही दोघांनी त्याचा वरचा तुकडा उचलून बाजूला केला. बायको कापल्या तोंडाशी ताट वाजवू लागली. मी सोळाव्या पाईपावर दगडानं हलकेच टकटक करत पुढं येऊ लागलो. सतरा. अठरा. नखं माझ्या पुढं चालली.

एकविसाच्या तोंडात नाक दिसलं, पाईपाच्या भुशानं पांढरं झालेलं. मग डोळे. चार माणसं वाकून बघतायत हे पाहून ते परत आत गेलं.

"मागं व्हा सगळी," बायको म्हणाली. तिनं बोंबील मुठीत धरून हात कोपरापर्यंत आत घातला आणि तसाच ठेवला. मग तिचा चेहरा बदलला. हात सावकाश बाहेर आला, बोंबील त्याच्या दातात आणि ते तिच्या मनगटाला चारी पायांनी लटकलेलं. गुरगुरत तिथंच खायला लागलं.

"चार मान्सं आन् पाच हॉर्सपावर अडवून धरली ह्यानं," आप्पा म्हणाले, आणि दोन बोटांनी त्याच्या पाठीवरचा भुसा झटकला.

फिटरकडं दोन तुकडे जोडायचा चार इंची कपलर नव्हता. तो मांडवगणला जाऊन साडेनऊला परत आला. जोडणी झाली, सोल्युशन वाळायला एक तास दिला. पावणेअकराला मी बटण दाबलं. वरचं तोंड आधी खोकलं, मग गढूळ पाणी आलं, मग पांढरंशुभ्र, हातभर उसळणारं. आप्पांनीच नारळ फोडला. पिलू बायकोच्या पदरातून सुटून धारेवर पंजा मारायला गेलं आणि भिजून तितक्याच वेगानं परत आलं. जोडावर मी अर्धा तास नजर ठेवून बसलो. एक थेंब गळला नाही.

मांडवगणच्या दुकानदाराला कपलर आणि सोल्युशनच्या डबीचे दोनशे दहा रुपये दिले. फिटरला जोडणीचे दोनशे. कापण्याचे त्यानं घेतले नाहीत.