भात पोटुशी हाय

बांधावर कुणी दिसलं की आबांचं बोट आधी ओठांवर जायचं. मग शेताकडे मान वळवून ते हलकेच म्हणायचे, "हळू बोल. भात पोटुशी हाय."

आबा म्हणजे आमचे कुसगावचे शेजारी. त्यांची चार खाचरं आणि आमचं शेत, यांत एकच बांध. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा माझा आवाज असा, की या टोकाला हाक मारली तर त्या टोकाची म्हैस मान वर करायची. आता तुम्हीच सांगा, आमचं जमावं कसं?

भाद्रपद सरता सरता पाऊस दमायचा. इरली आढ्याला टांगली जायची, डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे व्हायचे. तेव्हाच भात पोटरीला यायचं. कणीस आत, पानाच्या गुंडाळीत. बाहेरून काही दिसायचं नाही. त्या दिवसांत आबा विळाही शेतात नेत नसत. बैलांना हाकायचे तेही कुजबुजत. घाटात आगगाडीने शिट्टी दिली की तोंड कडू करून म्हणायचे, "आता हिला कुनी सांगावं?" मी तोंडात पदर कोंबून हसायचे.

आबांना मूलबाळ नव्हतं. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. त्यांची बायको, आमची मावशी, तीही नाही.

मग एके सकाळी धुकं निवळायचं आणि कणसं बाहेर आलेली असायची. भात निसवलं. आंबेमोहोराचा वास पार आमच्या पडवीपर्यंत यायचा. एरवी कुजबुजणारे आबा बांधावर उभे राहून गळा मोकळा करून हाक घालायचे, "आली गं, आली." जणू लेकच माहेराला आली. मावशी तांब्या घेऊन यायची, आबांच्या पायांवर पाणी घालायची आणि पहिली लोंबी ओवाळून घरात न्यायची. मग आबा मला म्हणायचे, "आता बोल पोरी, किती बोलतीस ती." मी उगाचच ओरडून घ्यायचे.

एका वर्षी ऐन नवरात्रात आबांना हिवतापाने धरलं. उठवेना, खाववेना. मी दारात दिसले की एकच विचारायचे, "निसवलं का?"

"अजून न्हाई, आबा."

"यील. घाई नगं करू तिला."

खोटं सांगावं असं फार वाटायचं. पण निसवलं असतं तर मी बांधावरूनच ओरडत आले असते, हे त्यांना ठाऊक होतं.

आबा गेले, तेव्हा कणसं आतच होती. मसणवाट त्याच बांधावरून जायची. आम्ही बायका मागून चाललो होतो. शेत आलं आणि एकीने गळा काढला. मीही काढणारच होते.

मावशी वळली. तिचं बोट ओठांवर होतं.

तिरडी शेताच्या कडेने मुकाट गेली. मी पुन्हा तोंडात पदर कोंबला होता.

त्यानंतर मावशी रडली नाही. घरी नाही, दहाव्याला नाही. लोक म्हणू लागले, बाईचं काळीज घट्ट आहे.

पुढे एका पहाटे मला वासानेच जाग आली. बाहेर येऊन पाहिलं तर मावशी तांब्या घेऊन बांधावर उभी. धुक्यातून कणसं वर आली होती. आबा जिथं उभे राहायचे, तिथल्या मातीवर तिने पाणी घातलं.

"अवं, आली," ती म्हणाली.

मग ती तिथंच बसली आणि गळा मोकळा करून रडली, पार पलीकडच्या भुशी गावापर्यंत ऐकू जावं अशी.