इन्व्हर्टेड कॉमावाले सर

अड्याळच्या चहाटपरीवर इंग्रजीचे सर आले की माझी चुळबुळ सुरू होते. कुणी नुसतं ‘लोक म्हणतात’ म्हटलं, तरी ते कप खाली ठेवून दोन्ही हातांची दोन-दोन बोटं हवेत वाकवतात. “कोन म्हनते? नाव सांग. त्याचे शब्द इन्व्हर्टेड कॉमात टाक, तुहे बाहेर ठेव.” सांगणारा गडबडतो आणि अफवा तिथंच मरते.

परवा पानठेलेवाला त्यांनाच म्हणाला, “सर, लोक म्हनून राहिले, तुमची पोरगी सासर सोडून आली म्हने.”

आम्ही सगळे त्यांच्या बोटांकडे बघत राहिलो. मला बसवेना. विचारा ना सर, कोन म्हनते?

सरांनी दोन्ही हात खिशात घातले.

“बरोबर म्हनून राहिले लोक,” ते म्हणाले.