घट्ट बॉडी आणि आठशे मीटर

पळता पळता पोरगी छाती धरून खाली बसली, तर तुमच्या तोंडून पहिल्यांदा काय निघतं? खरं सांगा. 'दम न्हाई हिच्यात,' हेच ना?

चुडाव्याच्या शिवकन्येनं हे अख्खा हिवाळा ऐकलं. पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळायची परीक्षा, तोंडावर आलेलं. पहाटे स्टेशनच्या रस्त्यावर पोरी आठशे मीटर पळायच्या. अर्ध्यापर्यंत शिवकन्या सगळ्यांच्या पुढं. मग बरगड्यांभोवती दावं आवळल्यासारखं व्हायचं, श्वास वरच्या वर अडकायचा. चुलते मुंजाजी यांनी तर पाहुणेच हेरून ठेवले होते. ग्राउंड हुकलं की उन्हाळ्यात लग्न, विषय खलास.

आई मालनबाई तिला शेंगदाण्याचे लाडू चारायची, दृष्ट काढायची. आणि हीच मालनबाई दर खेपेला पूर्णेच्या बाजारातून पोरीची बॉडी, म्हणजे आतली ब्रा, आणायची. खाली मान घालून, एक नंबर लहानच. घट्ट असली की अंग दिसत नाही, हे तिचं शास्त्र. पळणं सुरू झाल्यावर तर तिनं बजावलंच होतं, एकावर एक दोन घाल, पोरं बघतेत. शिवकन्या दोन घालायची. खांद्यांवर काळे वळ पडले, छातीखालच्या घामोळ्या चिघळल्या, मान-पाठ ठणकायची. ती खोबरेल लावून गप बसायची. बाईच्या जातीला दुखायचंच, हेच तिला लहानपणापासून शिकवलेलं.

एका सकाळी घरी येऊन तिनं दोन्हींचे हुक काढले आणि पोटापर्यंत श्वास गेला. परत लावले, श्वास अर्ध्यात तुटला. पुन्हा काढले, पुन्हा लावले. मग तिचं डोकं सटकलं.

"माय, दम हाय माझ्यात. त्याला फास तू लावलाय."

मालनबाई भांडली, रुसली, पण लेकीनं तिला परभणीला नेलंच. दुकानदारानं शिवकन्येला वरून खाली न्याहाळलं आणि चौतीसचा डबा पुढं सरकवला. तिनं टेप मागितला. तो हसला. म्हणाला, या धंद्यात केस पिकले, आपली नजर चुकत नाही.

"नजर तुमच्यापाशीच ठेवा, मामा. टेप द्या."

दुकानातल्या बायकांनी माना खाली घातल्या. मालनबाईला तर जमिनीत जावंसं वाटलं. तरी मालाच्या खोलीत पडदा ओढून तिनंच टेप धरला. लेकीनं सांगितलं तसं आधी छातीच्या खाली, मग भरल्या छातीवरून. सदरा वर झाला आणि तिला ते वळ दिसले. तिची बोटं त्या काळ्या रेघांवरून फिरली.

मालनबाई बाहेर आली ती वेगळीच बाई होऊन. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरलासुद्धा नाही.

"छत्तीस दाखवा. पळायची, रुंद पट्ट्याची. घालून बघितल्याबिगर घेणार न्हाई."

शिवकन्येनं आत जाऊन हात वर केले, उड्या मारल्या. पट्टा वर सरकला नाही, त्याच्याखाली दोन बोटं सहज गेली. ती हसतच बाहेर आली, तोवर कोपऱ्यातली एक बाई दबक्या आवाजात म्हणत होती, "तो टेप जरा इकडं द्या की." दुकानदार तिच्यासाठी पडदा बाजूला धरून उभा राहिला.

घामोळ्या सुकल्या. ग्राउंडच्या दिवशी अर्धं अंतर सरलं, शिवकन्येच्या अंगाला ते जुनं आवळणं आठवलं, पण आलं नाही. श्वास येत राहिला, पाय पडत राहिले, बाकीच्या पोरी मागं पडत गेल्या. ती रेषा ओलांडून उभीच राहिली, खाली बसली नाही. यादीत नाव लागलं तेव्हा मुंजाजीकाका गावभर सांगत सुटले, आमच्या रक्तातच दम हाय. मालनबाई त्यांना म्हणाली, रक्ताचं राहू द्या, पाहुण्यांना आधी 'नाही' म्हणून कळवा.

तुम्ही बाप असा, आई असा, नवरा असा, एवढं करा. आज घरी गेल्यावर लेकीला, बायकोला विचारा, कुठं रुततंय का? ती 'हो' म्हणाली तर लाजू नका. तिला घेऊन बाजारात जा.