अर्धा गजरा

कपाटातल्या चिनीमातीच्या बाईच्या कपाळावर आज पाण्याचा डाग दिसला. बायकांच्या चेहऱ्यांच्या अशा सतरा फुलदाण्या मी हौसेने जमवल्यात. डोक्यात फुलांसाठी पोकळी असते, पण डाग पडतील म्हणून मी एकीतही कधी फूल ठेवलं नाही. त्यालाच मी जपणं म्हणत होते.

उपचारांत माझे केस गेले, तेव्हा दारावर येणाऱ्या फुलवाल्या सुमनमावशींना म्हटलं, "आता गजरा नको." त्या आत आल्या आणि त्यांनी कपाटातल्या या बाईच्या डोक्यावर ओला गजरा ठेवला. "तुमचे केस येईपर्यंत हिला माळू." मग रोज आल्या.

आज माझ्या बोटभर केसांत मावशींनी पिनेने अर्धा गजरा अडकवला, उरलेला हिला माळला. डाग पुसायला घेतलेलं फडकं मी घडी करून ठेवून दिलं.